मुलासाठी इंग्रजी नाव : कोणता अर्थ खरा धरायचा?

सदरची आई, नागपूर: नमस्कार. आम्ही मराठी ख्रिस्ती. बाळाचा बाप्तिस्मा जवळ आला अन् नाव अजून ठरत नाही. सासूबाईंना बायबलमधलं हवं, ह्यांना अस्सल इंग्रजी. इंटरनेटवर एकाच नावाचे वेगवेगळे अर्थ दिसून राहिले. एडवर्ड, इथन, थिओडोर मनात आहेत. आजोबांना हाक मारता आली पाहिजे.

धरमपेठकर: इथन ठेवा. हिब्रू नाव, अर्थ खंबीर. मराठी बायबलात तो एथान आहे, स्तोत्र ८९ त्याच्याच नावावर. सासूबाई नाही म्हणणार नाहीत.

निवृत्त शिक्षिका, मोहननगर: ताई, आधी नाव कुठल्या भाषेतलं ते बघा, अर्थ मग. मूळ भाषा न सांगता नुसतं 'शूर, तेजस्वी' लिहिणाऱ्या याद्यांवर मी मुळीच विश्वास ठेवत नाही.

अस्सल इंग्रजी म्हणाल तर एडवर्ड. जुन्या इंग्रजीत दोन शब्द जोडून नाव करत : संपत्ती आणि तिचा राखणदार. एडविनमध्ये तीच संपत्ती, पण सोबत मित्र. १०६६ मध्ये फ्रान्सकडून नॉर्मन लोक इंग्लंडवर चालून आले, त्यांच्याबरोबर विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड ही नावं आली आणि जुनी नावं मागे पडत गेली. एडवर्ड टिकलं ते संत मानल्या गेलेल्या एडवर्ड राजामुळे. पुढे इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्री राजाची त्याच्यावर फार श्रद्धा, म्हणून १२३९ मध्ये जन्मलेल्या मुलाला त्याने हेच नाव दिलं. बाकी आपण ज्यांना इंग्रजी म्हणतो त्यातली कितीतरी बाहेरचीच. जॉर्ज म्हणजे शेतकरी, ग्रीक. आपलं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, त्या स्टीफन हिस्लॉप यांचं पहिलं नावही ग्रीकच, अर्थ मुकुट.

माझं मत थिओडोरला. ग्रीकमध्ये 'देवाची देणगी', म्हणजे थेट देवदत्त! कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या मुलाचं नाव देवदत्तच, घर ख्रिस्ती झाल्यावरही तेच राहिलं. बाप्तिस्म्याला थिओडोर ठेवा, आजोबा खुशाल दत्तू म्हणतील.

सदरची आई: दत्तू ऐकून आजोबा लगेच तयार झाले! पण जन्मदाखला नावाशिवायच काढला आहे, त्याचं काय?

धरमपेठकर: काळजी नको. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव टाकायला शुल्क नाही. स्पेलिंग मात्र कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या आणि दाखला हातात आला की तिथंच वाचून घ्या. थिओडोरच्या स्पेलिंगमध्ये शेवटचा ई हमखास सुटतो.