रात्री दचकून किंचाळणारी मुलं: तुमचे अनुभव सांगा

मुलगा सव्वाचार वर्षांचा. साडेनऊला झोपतो आणि अकराच्या सुमारास किंचाळत उठून बसतो. डोळे टक्क उघडे, अंग घामानं चिंब, पण मला ओळखतच नाही. जवळ घ्यायला गेलं की ढकलतो. दहा मिनिटांनी आपोआप आडवा. सकाळी काही आठवत नाही. शाळा सुरू झाल्यापासून आठवड्यातून तीन-चारदा. सासूबाईंनी दृष्ट काढली, उशाखाली चाकू ठेवला (तो मी हळूच काढून घेतला). तुमच्याकडे कशामुळे झालं होतं, लिहा ना.

* * *

अगदी हेच आमच्याकडे! याला नाइट टेरर म्हणतात. गाढ झोपेतून अर्धवट जाग येते, म्हणून झोप लागल्यावर एक-दोन तासांतच होतं. वाईट स्वप्नं बहुतेक पहाटेकडे पडतात, ती आठवतात आणि मूल आपल्याला बिलगतं. हलवून जागं करू नका, कुठे आपटणार नाही एवढं बघा. आमच्याकडे शाळेमुळे दुपारची झोप सुटली होती, तेच निमित्त. रात्री आठला झोपवायला लागलो, हळूहळू कमी झालं. वेळ ठरलेली असेल तर त्याआधी पंधरा-वीस मिनिटं हळूच चाळवून बघा. ताप आला की अजून एखादी फेरी होतेच.

* * *

माझी लेक रात्रभर चुळबुळायची, शीच्या जागी खाजतंय म्हणायची. आई म्हणे, दात खाते म्हणजे जंतच. दात खाण्याचा संबंध डॉक्टरांनी हसण्यावारी नेला, जंत मात्र खरंच निघाले! मादी रात्री बाहेर येऊन अंडी घालते, म्हणून खाज रात्रीच. औषध घरात सगळ्यांना, दोन आठवड्यांनी पुन्हा. शिवाय नखं कापा, चादरी गरम पाण्यात धुवा. मी १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला शाळेत मिळणाऱ्या गोळीवर विसंबून होते.

* * *

घोरतो का? भाचा तोंड उघडं टाकून, मान मागे करून झोपायचा. आम्ही ‘बापावर गेलाय’ म्हणून हसायचो. अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) वाढलेले निघाले. ऑपरेशननंतर घोरणंही गेलं आणि रात्रीचं उठणंही. झोपेतला व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, तोंडी सांगून नीट कळत नाही.

* * *

आमची ‘पाय दाब’ म्हणून रडायची. रक्तात फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा) कमी होतं. लोहाचं औषध दिल्यावर थांबलं.

* * *

आमच्याकडेही दृष्ट काढली होती. मिरच्यांचा ठसका सगळ्या घराला लागला, पोरगं ढाराढूर.

* * *

धागा काढणारी मीच. आठ दिवस वहीत वेळ लिहिली. दर वेळी अकरा ते सव्वाअकरा, पहाटे एकदाही नाही. घोरत नाही, खाज नाही. रविवारी दुपारी झोपतो, त्या रात्री शांत! काल पावणेअकराला चाळवला, शू करवून आणली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. तो गाढ, मीच टक्क जागी.