कार्बन कर लावा म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या शेतातल्या आखाड्यावर यावं

आखाड्यावरून :
काल इथं एका पुणेकर मित्रानं लिहिलं, "कोळसा, डिझेल, वीज सगळ्यावर जबर कार्बन कर, म्हणजे धुरामागं कर, लावा. खिशाला चाट बसली की लोक आपोआप सुधारतात." वाचून झोप उडाली. तशीही शेतीची लाईट रात्रीचीच होती, जागाच होतो.

दादा, कर लावून झालाय. २०१० ला कोळशावर टनामागं ५० रुपये उपकर बसला, २०१६ ला तो ४०० वर गेला. नाव काय, तर स्वच्छ ऊर्जा! २०१७ ला जीएसटी आला आणि तो पैसा राज्यांच्या भरपाईकडं वळला. सुधारलं कोण? ज्याच्याकडं दुसरी सोय आहे तो कर बघून बदलतो. आमच्या गावाला एसटी दिवसातून दोनदा. डिझेल महाग झालं तर काय, ट्रॅक्टर सोडून बैल घेऊ? बैलजोडीचा भाव विचारून बघा एकदा. आधी सोय करा, मग कर लावा.

राखेतला परळीकर :
कोळसा म्हणजे गरिबाचा कैवारी असल्यासारखं लिहिलंय. मी परळीच्या थर्मलच्या, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्राच्या सावलीत वाढलो. आईनं वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी करडं व्हायचं. त्या राखेचं बिल कोणी भरलं? २०१३ ला आणि परत २०१५ ला पाण्यावाचून थर्मल बंद पडलं. पुढच्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. असल्या मुलखात पाण्याची वाफ करून वीज काढायची? आणि साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकट. बिलच नाही म्हटल्यावर मोटर बंद कोण करतंय? ऑटो, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा स्टार्टर, लावून सगळे घोरत पडतात.

आखाड्यावरून :
ऑटो हौसेनं लावतात का? रात्री दोनला लाईट येते. अंधारात दाऱ्हं धरायला, पिकाला पाणी द्यायला या एक दिवस. माझ्या चुलत्याला त्यातच पान लागलं, साप चावला. 'घोरत पडतात' म्हणे.

राखेतला परळीकर :
बरं, घोरत हा शब्द मागं घेतो. बाकीचं नाही. दिवसा वीज हवी असेल तर उत्तर सौरच आहे.

पेड पेंडिंग :
सौरचं नाव काढू नका! कोटेशन भरून चार वर्षं लाईनच्या कनेक्शनची वाट बघितली. शेवटी म्हणाले सौर पंप घ्या, किमतीच्या दहा टक्के भरा. भरले. साडेचार एकराला पाच एचपी मिळाला. बोअर चारशे फूट. अकरा ते तीन धार बरी, मग बोटभर. ढग आले की सुट्टी. मे महिन्यातल्या वावटळीत सौरच्या दोन पाट्या शेजाऱ्याच्या उसात गेल्या. बसवून गेलेला माणूस आता फोन उचलत नाही.

काळी माती :
आमचा तीन एचपी दोन वर्षं झाली, मस्त चालतोय. विहिरीवर आहे. चारशे फुटाच्या बोअरवर सौर बसवला आणि वर सूर्याला शिव्या?

पेड पेंडिंग :
विहिरीला पाणी असणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये.

काळी माती :
पाणी आहे कारण आम्ही ऊस लावत नाही. शेजाऱ्याच्या उसाचं तुम्हीच लिहिलंय. तुमच्याकडं किती आहे?

पेड पेंडिंग :
दीड एकर. मग? उसापासूनही होणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये वीस टक्के घालून सरकारच म्हणतं पर्यावरण वाचलं. आम्ही तर पर्यावरणच पिकवतोय!

राखेतला परळीकर :
हे मात्र खरं. धूर दिल्लीत मोजायचा, पाणी आमच्या मांजरा नदीचं आटवायचं.

सळईवाला, जालना :
मूळ मुद्दा कराचा होता, सगळे बोअरमध्ये उतरलात. २०२६ पासून युरोपनं बाहेरून येणाऱ्या पोलादावर कार्बनचे पैसे लावलेत. आपण इथं कर लावला नाही तर तोच पैसा तिकडं जमा होणार. इथंच घ्या आणि त्यातून शेताला दिवसाची वीज द्या.

आखाड्यावरून :
जालन्याची सळई युरोपला जाते का? आमच्या घरकुलात येते. म्हणजे कर पुन्हा आम्हीच भरायचा. अमेरिकेत माणसामागं वर्षाला १४ टनांच्या आसपास धूर, आपल्याकडं २. सुरुवात मात्र आमच्या स्लॅबपासून!

सळईवाला, जालना :
त्या २ टनांत तुमचा आखाडा आणि मुंबईतला एसीवाला एकाच मापात बसलेत. कर त्याच्यावर जास्त बसेल, हेच तर सांगतोय.

आखाड्यावरून :
त्याच्यावर बसवून दाखवा. त्या दिवशी पेढे मी वाटतो. गेल्या वेळचे ४०० कुठं गेले, तेवढं आधी सांगा.

पेड पेंडिंग :
ते राहू द्या. सौरच्या पाट्यांचा विमा असतो म्हणतात, कोणाला मिळालाय का?

काळी माती :
असतो. कागदं घेऊन या आखाड्यावर, बघू. आणि ऊस मोडा.