शब्दचर्चा : अक्षय, अपारंपरिक, नवीकरणीय… की पुनर्नव?

प्रश्न

नमस्कार मंडळी. मी आठवीला विज्ञान शिकवते. ऊर्जा आणि साधनसंपत्तीच्या धड्याशी आलं की दरवर्षी माझी अडचण होते. पुन्हा पुन्हा मिळणाऱ्या (इंग्रजीत ‘renewable’) साधनांना एका पुस्तकात ‘अपारंपरिक’ म्हणतात, दुसऱ्यात ‘अक्षय’, सरकारी पत्रकात ‘नवीकरणीय’, आणखी कुठे ‘पुनर्नवीकरणीय’. मुलं विचारतात, बाई, हे सगळं एकच का? आजवर मी ‘हो’ म्हणत आले. यंदा एका मुलीनं विचारलं, “भूजल अक्षय आहे म्हणता, मग आमची विहीर फेब्रुवारीतच का आटते?” मला उत्तर देता आलं नाही. यांतला कोणता शब्द वापरावा?

प्रतिसाद

ताई, तुमच्या विद्यार्थिनीनं नेमकं बोट ठेवलं आहे. हे शब्द एका अर्थाचे नाहीत. निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या गरजेतून ते आले आणि आपण त्यांची एकच मोट बांधली.

आधी ‘अपारंपरिक’. हा सरकारी दप्तरातला शब्द. १९७३ आणि १९७९ साली खनिज तेलाचे भाव भडकले. मग १९८१ मध्ये केंद्रानं अतिरिक्त ऊर्जास्रोतांसाठी आयोग नेमला आणि १९९२ मध्ये अपारंपरिक ऊर्जास्रोतांचं वेगळं मंत्रालय झालं. कोळसा, तेल, मोठी धरणं हे पारंपरिक आणि उरलेलं अपारंपरिक, अशी ती वाटणी होती. २००६ मध्ये मंत्रालयाच्या नावातून हा शब्द गेला, पण पाठ्यपुस्तकांत आणि भाषणांत राहिला. तो तिथूनही जावा असं मला मनापासून वाटतं. भारतात कोळशाची खाण सुरू झाली ती १७७४ साली, राणीगंजला. त्याच्या कितीतरी आधीपासून कोकणातली गलबतं वाऱ्यावर चालत होती, मिठागरांत उन्हानं मीठ पिकत होतं, चुली सरपणावर आणि गोवऱ्यांवर पेटत होत्या. माझी आई अजून चैत्रात गच्चीवर कुरडया वाळत घालते. ऊन आणि वारा घरात इतके जुने असताना मुलांना ते ‘अपारंपरिक’ म्हणून शिकवलं, तर ती शब्द पाठ करतील आणि अर्थ सोडून देतील.

‘नवीकरणीय’ व्याकरणानं बरोबर आहे. पण ‘-नीय’ म्हणजे करण्याजोगं, आणि करण्याजोगं म्हटलं की करणारा आला. आपल्या कानाला नूतनीकरण माहीत आहे ते परवान्याचं, नाहीतर जुन्या नाट्यगृहाचं. कुणीतरी अर्ज करतो, कुणीतरी खर्च करतो. वाऱ्याचं असं नूतनीकरण कोण करतं? ‘पुनर्नवीकरणीय’मध्ये तर हेच आणखी एक उपसर्ग लावून जड केलंय. आठवीतल्या मुलाला तो शब्द एका दमात म्हणून दाखवायला सांगा, म्हणजे कळेल.

आता ‘अक्षय’. यात थोडं थांबायला हवं. आपण ‘अक्षय्य तृतीया’ लिहितो, दोन ‘य’ असलेली. ते उगीच नाही. पाणिनीचं सूत्र आहे, ‘क्षय्यजय्यौ शक्यार्थे’. ज्याचा क्षय होणं शक्य आहे ते क्षय्य, ज्याला जिंकणं शक्य आहे ते जय्य. म्हणून अक्षय्य म्हणजे ज्याचा क्षय होऊच शकत नाही असं. सूर्याला हे शोभतं. तो आणखी सुमारे पाच अब्ज वर्षं तळपणार आहे, आपण छपरावर चार पॅनेल लावले काय आणि चारशे लावले काय, त्याचं काही कमी होत नाही. वारा आणि भरती-ओहोटीचंही तेच.

पण जंगल? मासे? विहिरीचं पाणी? यांचा क्षय होतो, डोळ्यांदेखत होतो. ही साधनं परत येतात, पण अटीवर. वाढीचा जो वेग असेल त्याच्या आत आपला हात राहिला पाहिजे. ‘अक्षय’ म्हटलं की ती अटच पुसली जाते. तुमची विद्यार्थिनी ज्या ठिकाणी अडली ते ठिकाण हेच.

यासाठी माझ्या मनात एक शब्द आहे, ‘पुनर्नव’. तो नवा घडवायची गरज नाही, रानात उगवलेलाच आहे. घेटुळीला संस्कृतात पुनर्नवा म्हणतात. शेताच्या बांधाला, पडीक जागेत जमिनीसरशी पसरते ती. लालसर देठ, गोलसर पानं, पान उलटलं की खालून फिकट, आणि बारीक गुलाबी फुलं. उन्हाळ्यात वाळून जाते, वर काही दिसत नाही. पाऊस पडला की जमिनीतल्या जाड मुळापासून पुन्हा फुटते, म्हणून पुनर्नवा. माझी आजी ही भाजी आणायची तेव्हा कोवळे शेंडे तेवढे खुडायची. मी एकदा सोपं पडतं म्हणून मुळासकट उपटायला गेलो, तर तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “मूळ राहू दे, पुढच्या पावसात कुणी खायची?” ती अट मला तिथं समजली, वर्गात नव्हे.

दुसरा प्रतिसाद

दादा, विहिरीबद्दल मी सांगतो, माझी रोजची गाठ आहे. आपल्या राज्याचा चार-पंचमांशाहून जास्त भाग काळ्या पाषाणावर आहे. त्यात पाणी वाळूसारखं सगळीकडे भरत नाही, खडकाच्या फटींत आणि झिजलेल्या थरात जेवढं मावेल तेवढंच राहतं. माझी विहीर मोटार दोन तास चालली की तळ दाखवते. रात्रभर गप्प ठेवली तर सकाळी पाणी पुन्हा पुरुषभर चढलेलं असतं. त्याला आम्ही ‘झरा जिवंत आहे’ म्हणतो. शेजारी खोल बोअर झाली आणि ती रात्रंदिवस ओढायला लागली की झरा ‘मरतो’. विहीर तीच, पाऊस तेवढाच, उपसा वाढला. बाईंनी मुलीला एवढंच सांगावं, की पाणी संपलं नाही, भरण्यापेक्षा उपसणं जास्त झालं. ‘पुनर्भरण’ हा शब्द आता गावात सगळ्यांना कळतो, त्याच्या जोडीला ‘पुनर्नव’ही कळेल.

प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही आभार. आता दोन शंका. माती कुठल्या गटात? आणि धरणाची वीज?

प्रतिसाद

शेतकरीदादा, ‘जिवंत झरा’ हे माझ्या सगळ्या व्युत्पत्तीपेक्षा सरस आहे. ताई, वर्गात ते जरूर सांगा.

माती पुनर्नव आहे, पण तिची चाल फार मंद. बोटभर जाडीची माती व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि उतारावरचं झाड-झुडूप काढलं तर ती एक-दोन पावसात वाहून जाते. म्हणून माणसाच्या आयुष्याच्या मापानं ती गेली की गेलीच. हीच गोष्ट आणखी ताणली की कोळसा. तोही निसर्गातच तयार झाला, पण कोट्यवधी वर्षांत. म्हणजे पुनर्नव आणि ‘संपणारं’ यांच्यामध्ये भिंत नाही, वेगाचा फरक आहे. हे मुलांना सांगितलं तर पुढचं बरंच आपोआप उलगडतं.

धरणाच्या विजेचा प्रश्न तर शब्दांनीच गुंतवला आहे. २०१९च्या मार्चपर्यंत केंद्राच्या हिशेबात २५ मेगावॉटपर्यंतचेच जलविद्युत प्रकल्प ‘नवीकरणीय’ गटात धरले जात, नंतर मोठेही धरले जाऊ लागले. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट, म्हणजे आधी ती या गटात नव्हती. कोयनेच्या खोऱ्यात पाऊस आधीही तोच पडत होता, बदलली ती मोजणी. माझं मत असं, की पाणी पुनर्नव आहे, जलाशय नाही. पाणी दर पावसाळ्यात येतं, त्याच्याबरोबर गाळही येतो, आणि गाळानं भरलेली जागा पुढच्या पावसात परत मिळत नाही.

कोळी बांधवांची रीतही वर्गात सांगण्याजोगी आहे. पावसाळ्यात, माशांच्या विणीच्या दिवसांत, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला सागराला नारळ वाहून पुन्हा समुद्रात जायचं. सरपणाचंही तसंच, पडलेली वाळकी काटकी ते सरपण, ओली फांदी तोडली तर ती लाकूडतोड. शब्दातच मर्यादा सांगितली आहे.

फळ्यावर मी तीन रकाने करीन. अक्षय्य : ऊन, वारा, भरती-ओहोटी. पुनर्नव : झाडं, मासे, भूजल, माती. तिसऱ्याला ‘क्षय्य’ म्हणता येईल, पण मुलांसाठी ‘संपणारी’ हाच शब्द चांगला : कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू.

आणि ऊर्जा स्त्रीलिंगी म्हणून ‘पुनर्नवा ऊर्जा’ करायचं कारण नाही. ‘सुंदर मुलगी’ म्हणतो तशी ‘पुनर्नव ऊर्जा’. पुनर्नवा राहू द्या घेटुळीला. पहिल्या पावसानंतर शाळेच्या कुंपणाला ती नक्की सापडेल. मुलांना एकेक शेंडा खुडायला सांगा आणि पंधरा दिवसांनी तीच जागा पुन्हा दाखवा.