शब्दचर्चा: ‘अ‍ॅट्रिशन’ म्हणजे गळती का? कॉलेज फुटबॉलचा पट, फळी आणि पदर

विचारणा (कोलंबस, ओहायोहून)

आमच्या मंडळाच्या त्रैमासिकासाठी अमेरिकी कॉलेज फुटबॉलवर लेख लिहिते आहे. इथे वाढलेल्या मुलांना हा खेळ तोंडपाठ. भारतातून आलेल्या त्यांच्या आजी-आजोबांना मात्र शनिवारी घरात एवढा आरडाओरडा कशाचा चाललाय, ते उमगत नाही. लेख त्या आजी-आजोबांसाठी आहे. मैदानावरचे नियम मराठीत सांगताना फारसं अडलं नाही, दोन शब्दांपाशी मात्र गाडी थांबली. पहिला ‘अ‍ॅट्रिशन’: घेतलेले खेळाडू मुदत संपण्याआधीच संघातून कमी होत जाणं. दुसरा ‘डेप्थ’: पहिला खेळाडू जायबंदी झाला तर त्याच जागी उभा राहील असा दुसरा आणि तिसरा तयार असणं.

थोडा हिशेब सांगते, म्हणजे शब्द कशाला हवा ते कळेल. २०२४च्या मोसमापर्यंत वरच्या श्रेणीतल्या विद्यापीठाला एका वेळी ८५ जणांनाच फुटबॉलची शिष्यवृत्ती देता येत असे. दरवर्षी २५ नवे घेतले तर चार वर्षांत होतात १००. म्हणजे निदान पंधरा जण मधेच जाणार, हे पहिल्या दिवसापासून धरलेलं असतं. शिवाय पाच वर्षांत चार मोसम खेळायची मुभा असल्यामुळे काही जण पाचव्या वर्षीही असतात, आणि जाणाऱ्यांचा आकडा आणखी वाढतो. कोणाचा गुडघा जातो, कोणी परीक्षेत अडकतो, कोणाला मैदानावर उतरायलाच मिळत नाही, कोणी लवकर एनएफएलची, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची, वाट धरतो. या सगळ्यांना मिळून इथे एकच शब्द वापरतात. मी सध्या ‘गळती’ लिहिलं आहे. चालेल का? आणि ‘डेप्थ’ला ‘खोली’ लिहायला मन होत नाही.

प्रतिसाद (पुणे)

ताई, ‘गळती’ ठेवा. मी बरीच वर्षं क्रीडापानावर काम करतो. आजी-आजोबांच्या ओळखीचा याहून दुसरा शब्द नाही. ‘पक्षाला गळती लागली’ हे त्यांनी आयुष्यभर वाचलंय, आणि शाळेतल्या मुलांची गळती तर सरकारी अहवालांतही असते. कोशात ‘झीज’ सापडेल, पण तो शब्द हाडाला, पायरीला, नाण्याला शोभतो. झिजलेली वस्तू जागेवरच असते, नुसती कमी झालेली असते. इथे तर अख्खा माणूस निघून जातो.

एक पथ्य मात्र पाळा. गळती थेंबाथेंबाने होते. मार्शल विद्यापीठाचं उदाहरण तुम्हाला माहीत असेलच. ७ डिसेंबर २०२४ला त्यांनी लुइझियानाला ३१–३ असं हरवून सन बेल्ट या संघांच्या परिषदेचं विजेतेपद मिळवलं. लगेच प्रशिक्षक चार्ल्स हफ सदर्न मिसिसिपीला गेले, आणि काही दिवसांत तीसहून अधिक खेळाडूंनी ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्यांच्या नोंदयादीत, नावं घातली. विजेत्या संघाला मोसमाअखेरच्या इंडिपेंडन्स बोलमधून माघार घ्यावी लागली. आर्मीविरुद्ध (लष्करी अकादमीचा संघ) त्यांच्या जागी लुइझियाना टेक उतरलं. मार्शलकडे सामना खेळायला पुरेशी माणसंच नव्हती. याला गळती म्हटलंत तर वाचकाला प्रसंगाचा आकार कळणार नाही. ‘खिंडार पडलं’ लिहा.

प्रतिसाद (वरूडहून)

खेळातलं मला फार कळत नाही, पण ‘गळती’ हा आमच्या रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. संत्र्याच्या बागेत दोन गोष्टी होतात. एक फळगळ. झाडाला जेवढं पोसणं झेपत नाही तेवढं ते आपोआप टाकतं. कधी रोगाने, कधी पाण्याच्या ताणाने गळ वाढते. दुसरी विरळणी, म्हणजे उरलेली फळं नीट भरावीत म्हणून माणूस हाताने काही फळं तोडून टाकतो. जमिनीवर पडलेलं फळ दोन्ही वेळा सारखंच दिसतं. पण फळगळ झाली म्हणणारा शेतकरी आणि विरळणी केली म्हणणारा शेतकरी एकच गोष्ट सांगत नसतात.

तुमच्या हिशेबातले ते पंधरा जण गळतात, की कोणी विरळणी करतं? भाषेत फरक तयारच आहे: गळणे आणि गाळणे. ‘तो गळाला’ आणि ‘त्याला गाळलं’ यात एका कान्याचा फरक आहे, पण दुसऱ्या वाक्यात कोणीतरी गाळणारा असतो.

विचारणा करणारी (कोलंबस)

दादा, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. या शब्दाने माझं डोकं का उठलं होतं ते आत्ता कळतंय. इथली वृत्तपत्रं ‘अ‍ॅट्रिशन’ लिहितात तेव्हा त्यात गळणं आणि गाळणं एकत्र कालवलेलं असतं, आणि मुलाला काढलं कोणी हे वाक्यातून नाहीसं होतं.

मिसिसिपी विद्यापीठाने २००९ साली एकाच वर्षी ३७ मुलांच्या सह्या घेतल्या. प्रशिक्षक ह्यूस्टन नट होते. जागा ठरलेल्या असताना इतकी मुलं घ्यायची तर पुढे कोणाला तरी बाहेर जावंच लागणार. त्यावर आग्नेयेकडच्या संघांच्या परिषदेने, एसईसीने, वर्षाला २८ सह्यांची मर्यादा घातली, नंतर ती २५वर आणली. त्या काळात जुन्या मुलांना ‘तुला इथे खेळायला मिळणार नाही, दुसरीकडे बघ’ असं सांगून जागा रिकाम्या केल्या जात. कागदावर मुलगा स्वतःहून गेलेला असे.

कोलोराडोचं तर सगळं कॅमेऱ्यासमोर घडलं. २०२२मध्ये त्यांनी १२पैकी एकच सामना जिंकला होता. डिसेंबरात डिऑन सँडर्स प्रशिक्षक म्हणून आले आणि खेळाडूंच्या पहिल्याच बैठकीत त्यांनी मुलांना पोर्टलची वाट दाखवली. पुढच्या मोसमाआधी पन्नासहून अधिक जण गेले. ‘कोलोराडोला गळती लागली’ हे वाक्य मी खरडा लिहिताना वापरलं होतं. ते आता ‘सँडर्स यांनी जुना संघ गाळला’ असं करते.

आणि २०२५चा मोठा बदल. ६ जून २०२५ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनी मोबदल्यासाठी लढलेल्या हाउस खटल्यातला तडजोडनामा मंजूर केला. विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि एकूण खेळाडूंवर १०५ची मर्यादा आली. आधी बऱ्याच संघांत शिष्यवृत्ती नसलेली, स्वखर्चाने शिकणारी, केवळ आवडीपोटी रोज सकाळी सरावाला येणारी मुलं धरून संख्या याहून मोठी असायची. मंजुरीच्या आधीच संघांनी त्यांना कमी करायला सुरुवात केली होती. न्यायाधीशांनी तडजोड अडवून धरली ती याच मुद्द्यावर. मग अशा मुलांना मर्यादेबाहेर धरण्याची मुभा मिळाली, पण त्यांना परत घ्यायचं की नाही ते विद्यापीठावर सोडलं. ही मुलं गळलेली नाहीत. चार-चार वर्षं दुसऱ्यांच्या सरावासाठी अंगावर धक्के खाल्लेल्या मुलांबद्दल निदान क्रियापद तरी खरं वापरायला हवं.

प्रतिसाद (सातारा)

मी निवृत्त मुख्याध्यापक. ‘रोस्टर’साठी, म्हणजे संघातल्या खेळाडूंच्या यादीसाठी, कोणीच काही सुचवलेलं दिसत नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे ‘पट’ आहे. हजेरीपट, पटसंख्या, ‘वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा’, हे सगळं महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. २०११च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा तर पटावर नाव असणं आणि वर्गात मूल असणं यातलं अंतर साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. तेव्हा १०५ ही ‘पटमर्यादा’ म्हणा. शिवाय काढलेल्या मुलासाठी आमच्या दप्तरी भाषेत स्वच्छ वाक्य आहे: ‘नाव पटावरून कमी केले.’ त्यात कर्ता उघड नसला तरी कृती उघड आहे. नाव आपोआप कमी होत नाही, कोणीतरी लेखणी चालवावी लागते.

दुखापतीमुळे खेळ कायमचा सुटलेल्या मुलांचं काय करतात तिकडे?

विचारणा करणारी (कोलंबस)

सर, ८५च्या काळात त्यांची शिष्यवृत्ती चालू राहू शकत असे आणि नाव मात्र ८५मध्ये मोजलं जात नसे. तुमच्या भाषेत ‘पटाबाहेर, पण शिष्यवृत्ती चालू’. तेवढंच लिहिते, नवा शब्द घडवत नाही.

प्रतिसाद (पुणे)

आता ‘डेप्थ’. क्रिकेटच्या बातम्यांत ‘फलंदाजीतली खोली’ रुळली आहे, पण इथे ती टाळा. अमेरिकेत एकाच जागेसाठी तयारी करणाऱ्या गटाला ‘रूम’ म्हणतात. ‘क्वार्टरबॅकची (आक्रमणाच्या सूत्रधाराची) खोली’ लिहिलंत तर भिंतींची खोली की तयारीची, असा घोळ होईल.

‘दुसरी फळी’ हा सहज सुचणारा शब्द. नेतृत्वाची दुसरी फळी आपण म्हणतोच. पण फुटबॉलमध्ये फळी आधीच दुसऱ्या कामाला लागली आहे: आघाडीची फळी, बचावफळी. अमेरिकी फुटबॉलमध्ये तर समोरासमोर भिडणाऱ्या खेळाडूंच्या रांगा असतात, त्यांना फळीशिवाय दुसरं काय म्हणणार? मग ‘बचावफळीची दुसरी फळी’ असं काहीतरी लिहावं लागेल.

माझं मत ‘पदर’. चौपदरी रस्ता सगळ्यांना कळतो, दुपदरी शेला कळतो. आक्रमणाचे ११ आणि बचावाचे ११ मिळून २२ जागा. प्रत्येक जागेला दोन माणसं म्हणजे दुपदरी पट, ४४ जण. तीन म्हणजे तिपदरी, ६६ जण. ताईंच्या ८५मध्ये जवळजवळ चार पदर बसतात. ‘टू-डीप’ला ‘दुपदरी’ हा जसाच्या तसा शब्द मिळतो.

आणि तुमच्या गावचंच उदाहरण द्या, याहून चांगलं मिळणार नाही. २०१४मध्ये ओहायो स्टेटचा पहिला क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर मोसमाआधीच खांद्याच्या दुखापतीने बाहेर गेला. दुसरा जे. टी. बॅरेट मिशिगनविरुद्ध घोटा मोडून बसला. तिसरा कार्डेल जोन्स. त्याने सुरुवातीपासून खेळलेला पहिलाच सामना बिग टेन या त्यांच्या परिषदेच्या विजेतेपदाचा होता, आणि तो त्यांनी विस्कॉन्सिनविरुद्ध ५९–० असा जिंकला. मग अलाबामाला ४२–३५, आणि १२ जानेवारी २०१५ला ओरेगनला ४२–२० हरवून राष्ट्रीय विजेतेपद. तिसरा पदर म्हणजे काय, हे एका परिच्छेदात आजोबांना कळेल.

विचारणा करणारी (कोलंबस)

‘पदर’ घेतला! शेजारी फ्लोरिडा स्टेटचं २०२३ ठेवते. नोव्हेंबरात जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला. एसीसी या त्यांच्या परिषदेच्या अंतिम सामन्यात पहिल्या वर्षाचा, तिसऱ्या पदरातला ब्रॉक ग्लेन उतरला आणि लुइव्हिलला १६–६ असं हरवून त्यांनी तेरापैकी तेराही सामने जिंकले, तरी राष्ट्रीय विजेतेपदासाठीच्या अखेरच्या चार संघांत त्यांना जागा मिळाली नाही. महिना संपेपर्यंत कोणी पोर्टलमध्ये, कोणी एनएफएलच्या तयारीला. दोन डझनांवर खेळाडू नव्हते आणि ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाकडून ६३–३ असा पराभव झाला. याच महिन्याने मला ‘पदर’ आणि ‘पट’ यांतला भेद नीट दाखवला. पटावर माणसं पुष्कळ असतात, पण अठरा वर्षांच्या मुलाला फळीत उभं राहण्याजोगं वजन आणि ताकद कमवायला दोन-तीन वर्षं लागतात. पट भरलेला आणि पदर विरलेला, अशी वेळ येते.

सध्या पुढच्या शब्दावर अडले आहे, ‘ट्रान्सफर’. १५ ऑक्टोबर २०१८ला पोर्टल सुरू झालं. २०२१पासून एकदा विद्यापीठ बदललं तरी वर्षभर बसून राहावं लागत नाही, आणि २०२४पासून कितीही वेळा बदलता येतं. ‘बदली’ लिहावं तर ‘बदली खेळाडू’ म्हणजे आपल्याकडे राखीव माणूस. ‘पक्षांतर’वरून ‘संघांतर’ करावं का?

प्रतिसाद (सातारा)

‘संघांतर’ व्याकरणात बसतं, पण ‘पक्षांतर’चा वास त्याला लागणार, आणि तो या मुलांवर अन्याय होईल. प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठाहून इंडियानाला गेले तेव्हा डझनावर मुलं त्यांच्यामागे गेली. आदल्या वर्षी तीन सामने जिंकणाऱ्या इंडियानाने २०२४मध्ये अकरा जिंकले. ज्या गुरूने घडवलं त्याच्यामागे जाणाऱ्याला फुटीर कसं म्हणायचं? आपल्या शाळेत याला सरळ ‘दाखला काढला’ म्हणतात. काढणारा विद्यार्थी असतो, हक्क त्याचा असतो, आणि शाळेने नाव कमी केलं तर ते वेगळं वाक्य असतं. ‘मार्शलच्या तीसहून अधिक खेळाडूंनी दाखला काढला’, ‘विद्यापीठाने काहींची नावं पटावरून कमी केली’, आणि ज्यांना कोणी काढलं नाही, जे स्वतःही निघाले नाहीत, गुडघ्याने किंवा परीक्षेने ज्यांना थांबवलं, तेवढ्यांसाठीच ‘गळती’.