पथ्य म्हणजे खायचं की टाळायचं?

मंजिरी_स
वडिलांना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा कागदावर एवढंच लिहिलेलं होतं: ‘पथ्य – दूध, केळी, डाळी.’ आई म्हणाली, हे द्यायचं. मी म्हणाले, हे बंद. फोन करून विचारलं तर बंदच होतं, आणि तोवर दोनदा दूध देऊन झालं होतं.

मूळ संस्कृतात पथ्य म्हणजे वाटेला धरून असलेलं, हिताचं. चरकसंहितेत ‘पथ्यं पथोऽनपेतं यत्’ अशी व्याख्याच आहे आणि ते मनालाही रुचावं असं पुढे म्हटलंय. हिरड्याचं एक नावच ‘पथ्या’. आपण मात्र ‘आंबटाचं पथ्य आहे’ म्हणतो, म्हणजे अर्थ पार उलटा. टाळायचं त्याला सरळ कुपथ्य म्हणावं, किंवा वर्ज्य.

आडवाट
अजिबात पटलं नाही. ‘आंबटाचं पथ्य’ ऐकून कुणी आंबट खायला घेत नाही. ‘चं’ लागला की बंदी, हे लहान मूलही जाणतं. तुमच्या कागदावर ‘चं’ही नव्हता आणि क्रियापदही नव्हतं, चूक लिहिणाऱ्याची आहे. व्युत्पत्तीवरच जायचं तर ‘डाएट’चं मूळ ग्रीक ‘दिआइता’, म्हणजे जगण्याची रीत. आज ‘डाएटवर आहे’ म्हणजे कमी खातोय. तो शब्द कुठे मागे नेणार?

मंजिरी_स
‘चं’ लागला की बंदी? मग ‘पथ्याचं जेवण’ म्हणजे काय? तेच तर खायचं असतं! आणि एखादी गोष्ट ‘पथ्यावर पडली’ म्हणजे ती मानवली, फायद्याची ठरली. जुना अर्थ मेलेला नाही, रोज तोंडात आहे. दोन उलटे अर्थ एकाच शब्दात असतील तर आजाऱ्याच्या कागदावर तो एकटा सोडू नये.

सायली१९
मला मधुमेह आहे. पथ्य विचारलं की सगळे बंदीची यादी वाचतात. मग खाऊ काय, ते कुणी सांगत नाही. माझ्यापुरता मंजिरीताईंचा अर्थ हवा.

आडवाट
‘पथ्याचं जेवण’ हा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. कागदावर ‘खायचं’ आणि ‘टाळायचं’ असे दोन रकाने हवेतच. पण बोलण्यातला अर्थ सोडणार नाही. ‘बोलताना काही पथ्यं पाळा’ म्हणतो तेव्हा संयमच अभिप्रेत असतो, आणि त्याला ‘वर्ज्य’ हा शब्द पुरत नाही.

मंजिरी_स
तिथे ‘पथ्य’च राहू दे. माझा आग्रह औषधाच्या कागदापुरता आहे.