बुधाचं ‘बाह्यांबर’: कशाच्या बाहेर?

प्रश्न: बुधाकडे गेलेल्या यानांवरचा एक लेख मराठीत आणतोय. मूळ शब्द ‘एक्झोस्फिअर’. शाळेच्या भूगोलात तपांबर, स्थितांबर, मध्यांबर करत शेवटी बाह्यांबर यायचं. पण बुधाला खालचे थर नाहीतच. मग सरळ ‘विरळ वातावरण’ लिहावं का?

उत्तर: ते नको. विरळ वातावरण मंगळाचंही आहे, पण तिथे वारे वाहतात, धुळीची वादळं उठतात, कारण रेणू एकमेकांवर आदळत असतात. बुधावर अणूंची आपसात गाठच पडत नाही. सूर्यप्रकाशाने, सौरवाऱ्याने किंवा बारीक उल्केच्या आघाताने जमिनीतून सुटलेला सोडियमचा अणू फेकलेल्या दगडासारखा वर जातो आणि वाटेत कोणाला न धडकता खाली पडतो, नाहीतर निसटतो. टकरा जवळपास नसणं हीच बाह्यांबराची खूण. पृथ्वीवर ही अवस्था साधारण ५०० ते १००० किलोमीटर उंचीवर येते, बुधावर थेट जमिनीपासून. तेव्हा ‘बाह्यांबर’च ठेवा, फक्त पहिल्या उल्लेखात ‘पृष्ठभागापासूनच सुरू होणारं’ एवढं जोडा.

दुसरं उत्तर: सहमत. ‘बहिर्मंडल’ही दिसतो, पण तो हिंदीच्या वळणाचा. मंगळाच्या बाबतीत मात्र ‘बाह्य’ अक्षरशः खरं आहे: खाली वातावरण, वर बाह्यांबर. मंगळयानावरचं ‘मेन्का’ हे उपकरण त्याचाच अभ्यास करायला नेलं होतं. (नाव अप्सरेचं वाटलं तरी ती इंग्रजी आद्याक्षरं.)

प्रश्नकर्ता: धन्यवाद. ‘यान बुधाच्या बाह्यांबरात शिरलं’ हे चालेल?

उत्तर: ‘शिरलं’ म्हटलं की वेस ओलांडल्यासारखं वाटतं. इथे वेस नाही, अणू नुसते विरत जातात. सूर्यप्रकाशाचा दाब सोडियमला मागे लोटतो आणि त्याची शेपटी २० लाख किलोमीटरच्याही पलीकडे जाते. ग्रंथात ‘पुच्छ’ लिहितात, लेखात शेपटीच बरी. शिवाय सोडियमचा शोध यानाचा नव्हेच, तो १९८५ मध्ये पृथ्वीवरच्या दुर्बिणीतून लागला. मरिनर १० यानाला १९७४-७५ मध्ये हायड्रोजन, हेलियम आणि ऑक्सिजनची चाहूल लागली होती. यानाच्या खात्यात घालायचंच असेल तर मॅग्नेशियम घाला, ते नंतरच्या मेसेंजर यानाचं.

प्रश्नकर्ता: मग असं लिहितो: ‘बुधाभोवती फिरताना मेसेंजरला २००८ मध्ये बाह्यांबरात मॅग्नेशियम आढळलं.’

उत्तर: ‘बुधाजवळून जाताना’ करा. कक्षेत ते मार्च २०११ मध्ये गेलं.