प्रतिसाद: कपाट हलेना आणि मग एकदम का सरकतं

एकाने विचारलंय की कपाट ढकलताना आधी जागचं हलत नाही आणि मग एकदम सुटतं ते का. बहुतेकांचा गोंधळ इथे होतो की स्थितिक घर्षण (वस्तू घसरत नसताना लागणारं घर्षण) म्हणजे एक ठरलेला आकडा असं वाटतं, पण तसं नाहीये, तुम्ही १०० न्यूटनने (न्यूटन म्हणजे जोर मोजायचं एकक) ढकललं तर ते उलट १०० च लावतं, २०० ने ढकललं तर २००, असं करत करत त्याची कमाल मर्यादा येईपर्यंत. समजा कपाट ८० किलोचं, स्थितिक घर्षणांक (घर्षण वजनाच्या किती पट ते) ०.५ आणि गतिक, म्हणजे घसरत असतानाचा, ०.४ धरला, तर मर्यादा झाली साधारण ३९२ न्यूटन, पण सरकायला लागल्यावर घर्षण उरतं ३१४ च्या आसपास, आणि आपले हात तर अजून ३९२ चाच जोर लावतायत! ते उरलेले ७८ न्यूटन कपाटाला दर सेकंदाला जवळपास १ मीटर/सेकंद वेग देतात, तोच तो झटका. म्हणून सुटल्या सुटल्या जोर थोडा कमी करा, पण थांबू नका, थांबलात की परत ३९२ पासून सुरुवात.

बाइकच्या ब्रेकचंही हेच आहे, आणि हे खरंच जिवावरचं आहे. चाक फिरत असतं तेव्हा टायरचा रस्त्याला टेकलेला भाग घसरत नसतो, म्हणजे तिथे स्थितिक घर्षण असतं. ब्रेक करकचून दाबून चाक लॉक केलं, म्हणजे फिरायचंच थांबवलं, की ते गतिक होतं, पकड कमी होते, पुढचं चाक असेल तर हँडल वळवूनही गाडी वळत नाही. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) लॉक होऊ पाहणाऱ्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडून परत लावतं ते एवढ्याचसाठी.